केबल, काका आणि तपासणी शुल्क

संगणक सुरू करताच काळ्या पडद्यावर 'नो बूटेबल डिव्हाइस' एवढेच उमटत होते. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी जागे होणाऱ्या मूळ प्रणालीत, शिरून पाहिले तर एसएसडीचे, म्हणजे विंडोज आणि फायली साठवणाऱ्या चिपवाल्या ड्राइव्हचे, नावच यादीत नव्हते. म्हणजे विंडोज निर्दोष ठरत होते आणि संशय ड्राइव्हला संगणकाशी जोडणाऱ्या साटा केबलवर जात होता. नवी केबल घ्यावी आणि तिथेच लावून पाहावी, एवढ्या माफक हेतूने मी अख्खे कॅबिनेट काखोटीला मारून बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेलो.

दुकानातल्या एकमेव स्टुलावर प्रिंटरचे कार्ट्रिज भरून घ्यायला आलेले एक काका बसले होते. दुकानदाराने मान वर करण्याआधीच त्यांनी चौकशी आपल्याकडे घेतली.

"आतून घरघर येते का?"

"नाही येणार हो काका. यात फिरणारं काही नसतंच."

"तेच म्हणतोय मी. फिरायचं थांबलंय. डिफ्रॅग कधी केलं होतंत?"

"केलेलं नाही, आणि यात करायचंही नसतं."

काकांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि जावयाने नोकरी सोडल्याचे कळल्यावर सासरे पाहतात तसे माझ्याकडे पाहिले. हार्ड डिस्कमध्ये वाचणाऱ्या दांडीला तबकडीवर धावाधाव करावी लागे, म्हणून डिफ्रॅग करून फायलींचे विखुरलेले तुकडे गोळा करण्यात अर्थ होता. एसएसडीत कोणताही तुकडा जवळपास सारख्याच वेळात सापडतो आणि प्रत्येक पेशी ठरावीक वेळाच पुसून लिहिता येत असल्याने फुकटच्या लिखाणाने ती उलट झिजते, हे मी समजावले. तिला थोडी मोकळी जागा पुरते आणि लागते ती ट्रिम, म्हणजे कोणत्या फायली पुसल्या गेल्या हे ड्राइव्हला कळवणारी आज्ञा, जी 2009 सालच्या विंडोज 7 पासून आपोआप दिली जाते, हेही सांगितले. कोणीही विचारले नव्हते.

"मी दर शनिवारी करतो," काका म्हणाले. "त्या निळ्या-तांबड्या पट्ट्या सरकताना बघितल्या की बरं वाटतं."

यावर तांत्रिक उत्तर नसते.

तेवढ्यात दुकानातल्या पोराने केबल बदलली, बायोसमध्ये ड्राइव्ह दिसू लागला आणि विंडोजही उघडले. "बघा, हलवल्यामुळे लागलं," काकांनी निकाल दिला, आणि दुकानदाराने चक्क मान डोलावली. पावतीवर केबलच्या किमतीखाली तिच्याहून मोठ्या रकमेचे 'तपासणी शुल्क' होते. बिघाड तर मीच पायरीवरून सांगितला होता, मग तपासले काय, असे विचारल्यावर दुकानदार म्हणाला, "एवढी चर्चा झाली की, साहेब."

मी पैसे दिले. काकांना मात्र जुने गिऱ्हाईक म्हणून वीस रुपये कमी लागले.