नाव घ्यायला किती वेळ लागतो?

आत्ताच मुलाच्या शाळेतून आले. अमेरिकन फुटबॉलचा सीझन संपला म्हणून टीमला जेवण होतं. मुख्य कोचचा सत्कार झाला, क्वार्टरबॅकसाठी, म्हणजे पास फेकून हल्ला चालवणाऱ्या पोरासाठी, सगळे उभे राहिले, पिझ्झा देणाऱ्याचेसुद्धा आभार मानले. आणि डिफेन्सचे कोच? सत्तरीचे गृहस्थ, रोज थंडीत उभं राहून आमच्या पोरांना शिकवणारे. त्यांचं नाव कुणाच्या तोंडून निघालं नाही. शेवटी खुर्च्या तेच आवरत होते. डोकं फिरलंय माझं.

मला हा खेळ कळला तोच डिफेन्समुळे. 2009 चा जानेवारी, पिट्सबर्गला येऊन जेमतेम दोन महिने झालेले. शेजारचे आजोबा, पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, चहाला आले आणि त्यांनी माझ्या टेबलावर इथल्या स्टीलर्स टीमच्या डिफेन्सच्या कोचचा, डिक लेबोंचा, डाव समजावला. लोणच्याची बरणी क्वार्टरबॅक. समोर मिठाची डबी, मिरपुडीची डबी. "बरणीला वाटतंय, मीठ अंगावर येणार," असं म्हणत त्यांनी मीठ हळूच मागे ओढलं आणि भलत्याच कोपऱ्यातून चमचा आणून बरणीवर टणकन आपटला. हाच झोन ब्लिट्झ. लेबोंनी तो 1980 च्या दशकात सिनसिनाटीत रुजवला. आज कुठलीही मॅच लावा, तो दिसतो.

मग 1 फेब्रुवारीची सुपर बोल, म्हणजे सीझनची फायनल. हाफटाइमला काही सेकंद उरलेले, ॲरिझोनाची टीम अगदी आमच्या गोलरेषेपाशी. त्यांचा क्वार्टरबॅक वॉर्नर. त्याला वाटलं, आमच्या डिफेन्समधला हॅरिसन अंगावर येणार. हॅरिसन मागे सरकला, बॉल झेलला आणि 100 यार्ड पळाला! आजोबा ओरडले, "मीठ! मीठ!" आम्ही 27-23 जिंकलो.

हो, मुख्य कोच म्हणून लेबो चालले नाहीत. सिनसिनाटीत 12 विजय, 33 पराभव. 2012 च्या जानेवारीत डेन्व्हरचा क्वार्टरबॅक टीबो याने ओव्हरटाइमच्या पहिल्याच पासवर आमचा डिफेन्स फाडला, तेही खरं. मान्य.

पण या माणसाला खेळाडू 'कोच डॅड' म्हणायचे. ख्रिसमस आला की ते सगळ्यांना एक जुनी कविता तोंडपाठ म्हणून दाखवायचे. 2010 मध्ये कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत घेतलं, तेही खेळाडू म्हणून! डेट्रॉइटकडून 14 सीझन, 62 इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्यांचे मधेच झेललेले पास. ते मोठंच आहे, पण मैदान सोडून तोवर 38 वर्षं झाली होती. आणि एवढ्या वर्षांचं कोचिंग कुठल्या खात्यात धरलं? त्या दिवशी स्टीलर्सची अख्खी टीम समोर येऊन बसली होती. आजोबा आमच्या सोफ्यावर, काळी-पिवळी टोपी मांडीवर घेऊन. काही बोलले नाहीत, नुसते डोळे पुसत राहिले.

आज आजोबा नाहीत. असते तर मधेच उठून ओरडले असते. मी गप्प बसले, याचाच राग जास्त येतोय.

मुलगा मात्र न सांगता उठला आणि कोचबरोबर खुर्च्या उचलू लागला. लाइनमधला पोरगा आहे, पेपरात नाव न येणारा. कोच त्याच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी सांगत होते. गाडीत विचारलं, तर म्हणाला, "डावा पाय आधी टाकतोस, ते सुधार म्हणाले."