‘एकदा बघायला हरकत नाही’ म्हणजे नक्की काय?

सिनेमाच्या परीक्षणाचा तीन चतुर्थांश भाग कथानक सांगण्यात घालवायचा आणि शेवटी ‘छायांकन नेत्रसुखद, पार्श्वसंगीत साजेसं, संकलन आणखी धारदार हवं होतं’ असं लिहून साडेतीन स्टार चिकटवायचे. अहो, धारदार म्हणजे कुठे? कोणता प्रसंग लांबला? संवाद संपल्यावरही कॅमेरा चेहऱ्यावर थांबला, तर त्या थांबण्यातून काही नवं कळलं का, हे सांगा ना! नट रडायच्या आधीच व्हायोलिन रडायला लागलं, तर दिग्दर्शकाचा ना नटावर विश्वास आहे, ना प्रेक्षकावर. हे एक वाक्य ‘साजेसं संगीत’पेक्षा कितीतरी जास्त सांगून जातं.

त्यात टक्केवारीचं खूळ. समीक्षकांची मतं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावरचे ९०% म्हणजे दहापैकी नऊ गुण नव्हेत, शंभरातल्या नव्वद समीक्षकांचं मत अनुकूल आहे, एवढंच. त्या नव्वदांनी दहापैकी जेमतेम सहा-सात दिले असले तरी आकडा नव्वदच! उलट निम्म्यांना जीव की प्राण वाटलेला आणि निम्म्यांना सहन न झालेला सिनेमा ५०% वर अडकतो, ६०% ची रेषा गाठत नाही म्हणून ‘सडका’ ठरतो. बहुतेकदा शिफारस करण्यासारखा असतो तो हाच.

शिफारस करायची तर कोणाला, ते आधी सांगा. पहिला अर्धा तास संथ आहे, पण तिथे पेरलेलं शेवटी उगवतं, हे सांगा. हिंसा अंगावर येणारी असेल तर तसं बजावा. शेवट मात्र फोडू नका.