मा. अध्यक्षांच्या परवानगीने

आमच्या गावात बातमी दडून राहत नाही. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या पोरीला बघायला पाहुणे आले आणि चहा न पिताच का उठले, हे सगळं दिवेलागणीच्या आत वेशीपर्यंत पोचलेलं असतं. कोणी कोणाचा बांध कोरला हे तर ज्याचा कोरला त्याच्याही आधी गावाला कळतं. फक्त ग्रामसभा कधी आहे, हे कुणालाच माहीत नसतं. आणि गंमत अशी की गावातली हीच एक बातमी जाहीर करण्याची कायद्याने सक्ती आहे.

शहरातली नोकरी संपवून गावी राहायला आलो, तेव्हा मी ठरवलं की आता गावच्या कारभारात लक्ष घालायचं. कारभार करायचा नाही, नुसतं लक्ष घालायचं. त्यासाठी महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ आणून त्यातलं ग्रामसभेचं कलम वाचून काढलं. वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्यायच्याच, न घेतल्यास सरपंचाचं पद जाऊ शकतं. सर्वसाधारण सभेची नोटीस सात दिवस आधी निघाली पाहिजे. गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक माणूस तिचा सदस्य. म्हणजे निवडून न येता, एक रुपयाही खर्च न करता मला सभागृहाचं सदस्यत्व मिळालेलं होतं. हे मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मीपण आहे. दळण आणा."

सभेच्या तारखा तशा ठरलेल्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. तारखा पाठ केल्या की निम्मं काम झालं, असं वाटेल. तसं नाही. २६ जानेवारीला झेंडावंदन झालं की शाळेतल्या पोरांची भाषणं सुरू होतात आणि प्रत्येक घरातून एक तरी पोर भाषण करत असतं. १ मे ऐन लग्नसराईत. त्या दिवशी सगळं गाव कुठल्यातरी मांडवात जेवत असतं आणि सरपंच आशीर्वाद देत असतात. १५ ऑगस्टला पाऊस. २ ऑक्टोबरला सोयाबीन काढणीला आलेलं. तेव्हा मजूर मिळेनात म्हणून माणसं रडकुंडीला आलेली असतात, त्यांना सतरंजीवर बसायला कोण आणणार? शिवाय कधीकधी वरूनच पत्र येतं आणि सभा मागेपुढे होते. मग उरतो एकच आधार: नोटीस बोर्ड.

आमचा नोटीस बोर्ड म्हणजे काचेच्या दाराचं भिंतीतलं कपाट. त्याला कुलूप. किल्ली शिपायाकडे, आणि शिपाई पाणी सोडायला गेलेला. तो सकाळी पाणी सोडायला जातो, दुपारी पाणी बंद करायला जातो, आणि मधल्या वेळात सोडलेलं पाणी खालच्या आळीला का आलं नाही हे ऐकून घेत असतो. काचेवर इतकी धूळ की मी खिशातला रुमाल काढून पुसली. आत घरपट्टीची जुनी सूचना, तिच्यावर लसीकरणाचं पत्रक, आणि त्या दोघांच्या मागून डोकावणारी आमची नोटीस. "तमाम ग्रामस्थांस कळविण्यात येते की" इथपर्यंत स्वच्छ दिसत होतं. पुढे "दिनांक" हा शब्दही दिसत होता. आणि आकड्यांवर, नेमकी आकड्यांवर, टाचणी.

पूर्वी दवंडी असायची. हलगी वाजली की माणूस हातातलं काम टाकून उंबऱ्यात यायचा. आता घंटागाडीचा भोंगा आहे. ओला कचरा, सुका कचरा वेगळा करा, हे सांगून झालं की मधेच ग्रामसभेची सूचना लागते. पण गाडी तोवर वळणावर गेलेली असते, त्यामुळे आमच्या वाट्याला फक्त "उपस्थित राहावे, ही नम्र विनंती" एवढंच येतं. कशाला आणि केव्हा, हे पुढच्या आळीत ऐकू जातं. एकदा मी पायात चप्पल न घालता तिच्यामागे धावलो. गाडीवाल्या पोराने करुणेने गाडी थांबवली, माझ्या हातातलं वर्तमानपत्र घेतलं, सुक्या कचऱ्यात टाकलं आणि पुढे निघून गेला.

व्हॉट्सअ‍ॅपचं विचारू नका. गावाचे तीन ग्रुप आहेत: एक सत्ताधारी पॅनेलचा, एक विरोधी पॅनेलचा आणि एक, ज्यात दोन्हीकडून काढलेली माणसं आहेत. नोटिशीचा फोटो आडवा पडलेला येतो, आणि मान वाकडी करून तो वाचेपर्यंत कुणाचा तरी वाढदिवस निघतो. मग केकचे फोटो, हारांचे फोटो, "भावी" या शब्दाने सुरू होणारी पदं. नोटीस वर कुठेतरी गडप.

सभेचं हे असं. गावातल्या बाकी कार्यक्रमांचं उलटं. ते इतके जाहीर असतात की दिसतच नाहीत. सप्ताह, क्रिकेटच्या स्पर्धा, रक्तदान, हळदीकुंकू, सत्कार आणि सत्काराला उत्तर देणारा दुसऱ्या गटाचा सत्कार. प्रत्येकाचा फ्लेक्स. त्यावर वरच्या ओळीत राज्याचे नेते, मग जिल्ह्याचे, मग तालुक्याचे, खाली गॉगल लावलेली आमची मुलं, आणि अगदी तळाशी, जिथे उसाची ट्रॉली उभी असते, तिथे स्थळ आणि वेळ. मी आता फ्लेक्स खालून वर वाचायला शिकलोय. मोफत नेत्रतपासणी शिबिराची तारीख तर इतक्या बारीक अक्षरात होती की ज्याला ती वाचता आली त्याला शिबिराची गरज नव्हती.

तरीही माणूस चिकाटीचा असला की सभा सापडते. मला ती सापडायला लागली.

सकाळी अकराची वेळ. अकराला समाजमंदिरात मी आणि सतरंजीची गुंडाळी. सतरंजी मीच पसरली. साडेअकराला भाऊसाहेब आले. सरकारने त्यांना आता 'ग्रामपंचायत अधिकारी' असं नाव दिलंय, पण गाव त्यांना भाऊसाहेबच म्हणतं, कागदावर ग्रामसेवक म्हणतं आणि पाणी आलं नाही की आणखी काहीतरी म्हणतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काळजीने विचारलं, "काही तक्रार होती का?"

"नाही, सभेला आलोय."

"हो, पण काम काय होतं?"

मग गणपूर्तीचा प्रश्न निघाला. नियम असा की एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतला जो आकडा कमी असेल तेवढी माणसं हवीत. आम्ही होतो सात, त्यात चहावाला धरून. शिपाई उठला, हजेरीची वही बगलेत मारली आणि बाहेर पडला. मी त्याच्यामागे गेलो, कुतूहल म्हणून. वही पारावर गेली, तिथे पत्त्यांचा डाव न मोडता सह्या झाल्या. सलूनमध्ये गेली, तिथे अर्धी दाढी झालेल्या गृहस्थांनी साबणासकट सही केली. टपरीवर गेली, पिठाच्या गिरणीत गेली, रस्त्याच्या कडेला ट्रॅक्टर थांबवून ड्रायव्हरच्या सीटपर्यंत चढली. गाव सभेला येत नाही म्हणून सभा गावाला जाते, हे मी डोळ्यांनी पाहिलं. एकाने सही करता करता विचारलं, "कशाची हाय?" शिपाई म्हणाला, "हायच." तेवढ्यावर त्याचं समाधान झालं.

एवढं करूनही शंभर भरले नाहीत तर सभा तहकूब होते. नवख्याला याचं वाईट वाटतं. जाणकारांना वाटत नाही, कारण तहकूब झालेली सभा पुन्हा घेतली की तिला गणपूर्तीची अट नाही. आमच्या गावात हा नियम पहिलीतल्या पोरालाही ठाऊक आहे. त्यामुळे पहिल्या सभेला लोक येत नाहीत, कारण ती तहकूब होणार असते. आणि दुसरीला येत नाहीत, कारण तिला त्यांची गरज नसते.

आधी होणाऱ्या महिला सभेत मात्र वेगळंच. कायद्याने ग्रामसभेआधी बायकांची वेगळी सभा घ्यायची असते, आणि ती आमच्याकडे खरोखर होते, कारण ती कधी आहे हे बायकांना माहीत असतं. कसं, ते मला विचारू नका, बायकोला विचारलं तर ती म्हणते, "कळतं." अर्ध्या तासात त्यांनी पाण्याची वेळ बदलून मागितली, एसटी थांब्यावर दिवा मागितला, आणि दारूच्या दुकानाबद्दल असं काही बोलल्या की दुकानाला आतून कडी लागली. दारूबंदीच्या मतदानात चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी चित्रं असतात, आणि निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडवीला मत दिलं की दुकान बंद होतं. त्या दिवसापासून आमच्या दुकानदाराने गल्ल्यावरची पाण्याची बाटलीसुद्धा उभी ठेवलीय.

आमच्या सभेत पहिला विषय नेहमीचा, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. भाऊसाहेब ते एका श्वासात वाचतात. त्या श्वासाच्या शेवटी मला माझं नाव ऐकू आलं. ठराव क्रमांक सहाला मी अनुमोदक होतो. ठराव कशाचा, ते श्वासात गेलं. मी म्हटलं, मी कधी अनुमोदन दिलं? भाऊसाहेबांनी शांतपणे आठवण करून दिली, "तुम्ही हात वर केला होता." केला होता. पंखा लावा म्हणून.

मग विषय निघाला पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीचा. त्यातला ६० टक्के पैसा बंधित, म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्चायचा. उरलेला ४० टक्के अबंधित. मी ई-ग्रामस्वराज पोर्टलवरून गावचा आराखडा छापून नेला होता, तो उघडून प्रश्न विचारणार एवढ्यात मागून एक आजी उभ्या राहिल्या. "बंधित असू दे न्हाईतर अबंधित, माझ्या दारात तुंबल्यालं पाणी कुठं जायाचं ते सांगा." झालं. सभा गटारीत उतरली. आमच्या गावात कुठलाही विषय काढा, अंगणवाडीचा, शाळेच्या पत्र्याचा, वृक्षलागवडीचा, तो चार वाक्यांत गटारीला येऊन मिळतो. गटार वरच्या आळीने अडवली की खालच्या आळीने, यावर दोन तास गेले. मी शोधून काढलेले मुद्दे कागदावरच राहिले. आणि खरं सांगायचं तर आजींचा प्रश्न माझ्या सगळ्या मुद्द्यांपेक्षा बरा होता.

एकदा मला राहवलं नाही. मी उठून सांगितलं, गडचिरोलीतल्या मेंढा-लेखात सगळं गाव बसतं आणि एकमत होईपर्यंत निर्णय होत नाही. हिवरे बाजारात लोक पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि पीक कोणतं घ्यायचं ते त्यावरून ठरवतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने तर २०२२ साली विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि सरकारला इतर गावांना त्याचा दाखला द्यावा लागला. बोलणं रंगात आलं होतं. शेजारचे नाना मांडी बदलून म्हणाले, "मग तिकडंच घर बघा की. इथल्या घराचं गिऱ्हाईक आपल्याकडं हाय."

पण सभा शोधणं आणि सभेत बसणं यांपेक्षा मोठा ताप पुढे असतो. आपण सभेला का गेलो, हे गावाला पटवून देणं. तक्रार नसताना, वाद नसताना, घरकुल नको असताना एक माणूस दर सभेला जातो, याचा अर्थ गावाला लागत नाही. पहिला तर्क, मला सरपंचपदाला उभं राहायचंय. सरपंच २०२२ पासून पुन्हा थेट जनतेतून निवडला जातो, त्यामुळे हा तर्क तसा कोणालाही लागू पडतो. पुढचं आरक्षण कसलं पडेल, हे लोक माझ्या बायकोला विचारायला लागले. दुसरा तर्क, मी माहिती अधिकारवाला आहे. त्या काळात ग्रामपंचायतीत मला खुर्ची आपोआप मिळायची. तिसरा तर्क, मला विरोधकांनी पाठवलंय. विरोधकांचा समज, मला सरपंचांनी पाठवलंय. शेवटी सरपंचांचा माणूस घरी आला, चहा घेतला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "काका, काय असंल ते आम्हाला सांगा की. सभेत कशाला?"

मी म्हटलं, काहीच नाही हो, नुसता येतो. त्याच्या चेहऱ्यावरून कळलं, आता प्रकरण फारच खोल आहे.

अशा माणसाचं काय करायचं, याची सोय विषयपत्रिकेतच असते. शेवटचा विषय: मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. तोवर सभा पांगलेली असते. भाऊसाहेब एक फाईल काढतात आणि समित्यांवरची रिकामी नावं भरायला घेतात. जो बसलाय तो सापडतो. त्या दिवशी मी आणि नाना उरलो होतो. मी निष्ठेने, नाना डुलकी लागली म्हणून. दोघेही जैवविविधता व्यवस्थापन समितीत गेलो. २००२ च्या जैवविविधता कायद्याने ही समिती प्रत्येक गावात असायला हवी, आणि गावातल्या झाडाझुडपांची, पशुपक्ष्यांची, जुन्या वाणांची नोंदवही तिने ठेवायची असते. काम ऐकून मी हरखलो. भाऊसाहेब म्हणाले, "काम नाही हो काही. कागदाला नाव लागतं."

ते नानांना पटलं नाही. नानांनी आयुष्यात पहिल्यांदा कुठलं तरी पद घेतलं होतं. चारच दिवसांनी रात्री ते बॅटरी घेऊन आमच्या दारात हजर. "चला, तुमची विविधता आलीय गोठ्यात." गोठ्यात गव्हाणीखाली चांगली लांबलचक धामण होती. धामण बिनविषारी असते, उंदीर खाते, तिला मारायचं नाही, हे मी दारातूनच सांगितलं. नाना म्हणाले, ते ठाऊक आहे, पण समिती दारात उभी राहून चालणार नाही. आमचं बोलणं चालू असताना धामण कंटाळली असावी. सावकाश निघाली आणि गटारीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी नानांनी मला ओढत ग्रामपंचायतीत नेलं आणि नोंदवही मागितली. ती कोरी होती. पहिल्या पानावर त्यांनी स्वतः लिहायला लावलं: धामण, एक, गटारीलगत. सूचक माझं नाव, अनुमोदक नाना.

भाऊसाहेब म्हणाले, "नाना, सापाला अनुमोदक लागत नाही."

"आपल्या गावात लागतो," नाना म्हणाले, आणि सही केली.