प्रतिक्रियेला उत्तर : पंखावर ठिपका नाही, म्हणून?

सर, मेलेल्या म्हशीवरच्या बारीक माश्यांबद्दल मी लिहिलेल्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं : फोटोतल्या माशीच्या पंखावर ठिपका नाही, म्हणजे ती मी म्हटली तशी सेप्सिड (मुंगीसारख्या दिसणाऱ्या बारीक माश्यांचं कूळ) नव्हे, फोरिड (कुबड्या बारीक माश्यांचं दुसरं कूळ) असावी, लांबी चुकीची दिली आहे, नमुना स्पिरिटमध्ये ठेवून मायक्रोस्कोपखाली पाहायला हवा होता. आणि शेवटचं वाक्य, 'हौशी लोकांनी मढ्याशेजारी उभं राहून नावं ठोकू नयेत.'

लांबीचं मान्य. ७ मिमी अंदाजाने लिहिलं होतं. माशी ४ मिमीच्या आतलीच. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण 'हौशी' आणि 'ठोकू नयेत' हे शब्द कशासाठी? माझं लहानपण वाशिम जिल्ह्यातल्या खेड्यात गेलं. गावाबाहेर ढोरं टाकायची जागा आमच्या वावराच्या बांधाला लागून होती. गिधाडं होती तोवर बैल पडला की दुसऱ्या दिवशी हाडंच उरायची. पुढे गिधाडं गेली. ढोरांना देत त्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाने मढी खाणारी गिधाडं मरत. त्यावर जनावरांसाठी २००६ साली बंदी आली, तोवर आमचं आभाळ रिकामं झालं होतं. मग मढी आठवडेच्या आठवडे पडून राहू लागली आणि मी नाकाला उपरणं बांधून त्यांवर काय काय येतं ते बघत बसायचो. आधी निळ्या-हिरव्या मोठ्या माश्या, मागाहून या बारीक. हे शिकवायला मला कोणी सर नव्हते. तुम्ही कधी तासभर असं बसला आहात का, एवढंच विचारतो.

आता माशी. पंखाच्या टोकाचा काळा ठिपका सेप्सिस वंशात सर्रास दिसतो, पण सेप्सिडचं सगळं कूळ म्हणजे सेप्सिस नव्हे. थेमिरा वंशातल्या माश्यांच्या पंखांच्या टोकाला तो सहसा नसतोच. ठिपका नाही एवढ्यावरून तुम्ही माशीला कुळाबाहेर काढलंत. फोरिडची पाठ कुबडी असते, पंखाच्या पुढच्या कडेला जाड शिरा असतात आणि ती थांबत-थांबत, झटके दिल्यासारखी पळते. माझ्या फोटोत कुबड कुठे आहे? गोल डोकं आणि मुंगीसारखी बारीक कंबर तेवढी दिसते. म्हशीचं पोट फुटून आतलं शेण बाहेर आलं होतं, या माश्या त्यावरच होत्या. सेप्सिडचा मुख्य ओढा शेणाकडेच असतो. हे लेखात स्पष्ट लिहिलं आहे. प्रतिक्रिया देण्याआधी तो परिच्छेद वाचायला हवा होता.

सगळ्यात मोठी खूण फोटोत येतच नाही. ही माशी चालताना दोन्ही पंख आळीपाळीने बाहेर काढून हलवते. मी ते अर्धा तास पाहिलं. स्पिरिटमधली माशी पंख हलवत नाही, सर.

मायक्रोस्कोपच्या मुद्द्यात मी शिरत नाही. मी जातीचं नाव दिलेलंच नाही, कुळाचं दिलं आहे.

मोबाईलवरचा ४० सेकंदांचा व्हिडिओ लेखाच्या तळाशी जोडला आहे. वाऱ्याचा आवाज फार आहे, तो बंद करा आणि डावीकडच्या बरगडीवर चालणाऱ्या माशीचे पंख बघा.