‘दिवा लागला तरी दहा हजार किलोमीटर’ : नाही, भाऊ

टुरिस्ट आणि स्कूल व्हॅनवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. लिहिणाऱ्याचा पत्ता नाही, वर फक्त ‘नागपूरच्या सर्व व्हॅनवाल्या भावांसाठी’. मजकूर थोडक्यात असा: डॅशबोर्डवरचा ब्रेक पॅड झिजल्याचा दिवा हा शोरूमचा धंदा आहे. दिवा लागल्यावरही पॅड दहा हजार किलोमीटर आरामात चालतात. आपल्या उन्हात सेन्सर तसाही बिघडतो. ब्रेक ऑइल टाकलं की दिवा जातो, नाही गेला तर सेन्सरच्या दोन वायरी कापून एकमेकींना जोडा. बदलायचेच झाले तर ज्या चाकाचे झिजले तेवढेच बदला.

मेसेज पुढे पाठवणाऱ्यांत वीस-वीस वर्षं स्टिअरिंगवर काढलेली माणसं आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘दहा हजार किलोमीटर आरामात.’ हा आकडा अगदीच हवेतला नाही, म्हणून तो पटतो. डिस्क म्हणजे चाकासोबत फिरणारी चकती, तिला दोन्ही बाजूंनी दाबतात ते पॅड. नव्या पॅडवर मसाला (म्हणजे घासला जाणारा थर) साधारण 10 ते 12 मिलिमीटर असतो आणि दिवा बहुधा 3 मिलिमीटरच्या आसपास लागतो. समजा, 11 वरून 3 वर यायला 40 हजार किलोमीटर लागले. म्हणजे मिलिमीटरला पाच हजार, आणि उरलेल्या तीनचे पंधरा हजार. गुणाकार बरोबर आहे. पण 2 मिलिमीटरच्या आसपास पॅड बाद धरतात, त्यामुळे हाती उरतो तो जेमतेम एक मिलिमीटर. शिवाय समृद्धी महामार्गावर मोकळी धावणारी व्हॅन आणि मनीषनगरच्या गल्ल्यांतून दर शंभर पावलांवर थांबत पोरं गोळा करणारी व्हॅन यांचा हिशेब एक कसा असेल?

त्याहून मोठी अडचण म्हणजे पॅड सारखे झिजत नाहीत. पुष्कळ व्हॅनना पुढच्या चाकांवर सरकता कॅलिपर (पॅड धरून ठेवणारा चिमटा) असतो. ऑइलच्या दाबानं पुढे येणारा पिस्टन फक्त आतल्या बाजूला. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच जोरावर कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिनेवरचं रबर फाटलं, पावसाचं पाणी आत गेलं, की पिन जाम होते. मग आतला पॅड एकटा मार खातो. वाडीच्या एका गॅरेजात असं चाक उतरवलेलं पाहिलं. बाहेरचा पॅड चांगला अर्धा शिल्लक, आतल्याचा वरचा कोपरा मात्र थेट मागच्या लोखंडी पाटीपर्यंत गेलेला, आणि डिस्कवर नख अडकेल एवढी चरी. व्हॅनचा मालक म्हणत होता, “मी तं रोज रिममधून वाकून पाहतो नं, पॅड जाड दिसते.” रिममधून दिसतो तो बाहेरचा. बऱ्याच गाड्यांत प्रत्येक चाकाला सेन्सर नसतो, आणि याच्या गाडीत तो दुसऱ्या बाजूच्या चाकाला होता. म्हणजे दिवा लागला तेव्हा सगळ्यात वाईट पॅड कोणता, हे दिव्यालाही माहीत नसतं.

‘उन्हानं सेन्सर बिघडतो.’ नागपूरचा मे महिना 46 अंशांवर जातो, हे खरं. पण जोरात ब्रेक लावल्यावर डिस्क शेकडो अंशांवर जाते आणि सेन्सर तिच्या शेजारीच बसलेला असतो. त्याला आपल्या उन्हाचं काय कौतुक! खोटा दिवा लागतो तो वेगळ्या कारणांनी. कनेक्टर सैल होतो, चिखलानं पिना गंजतात, उंदीर वायर कुरतडतात. म्हणून आधी चाक उतरवा आणि पॅड मोजा. पॅड जाड निघाले तर मग वायरीकडे वळा.

आता ब्रेक ऑइल. इथे मेसेजवाल्यानं दोन दिवे एकत्र केले आहेत. गोल आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तुटक कंस, आत काहीच नाही, तो पॅडचा दिवा. बहुतेक गाड्यांत पिवळा. गोलात उद्गारचिन्ह असलेला लाल दिवा हँडब्रेक ओढलेला असल्याचा किंवा ऑइल कमी झाल्याचा. पॅडचा दिवा ऑइल टाकून जात नाही. पण ज्या साध्या व्हॅनमध्ये पॅडला वायरच नसते, तिथे ऑइलची पातळी हाच एक इशारा असतो (दुसरा म्हणजे पॅडवरची पत्ती डिस्कला घासून चीं-चीं करते तो). पॅड झिजले की पिस्टन तेवढे बाहेर येतात, त्यांच्यामागची जागा ऑइल भरून काढतं आणि डब्यातली पातळी उतरते. वरून ऑइल ओतलं की लाल दिवा विझतो, पॅड मात्र तेवढेच पातळ राहतात. पुढे नवे पॅड बसवताना पिस्टन मागे दाबले, की तेच जास्तीचं ऑइल डब्यातून बाहेर येऊन रंग खातं. आणि पॅड जाड असूनही पातळी उतरत असेल तर कुठेतरी गळती आहे. मागच्या ड्रम ब्रेकचे सिलिंडर आणि चाकांच्या आतली बाजू बघा.

पातळ पॅड आणि जुनं ऑइल ही जोडी तर फारच वाईट. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट 4 दर्जाचं ऑइल नवं असताना किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर तीच हद्द 155 वर येते. पॅड जाड असतो तोवर तो पिस्टनला उष्णतेपासून आडोसा देतो, पातळ झाला की ती थेट ऑइलपर्यंत जाते. पन्नासऐवजी शंभरच्या वेगातून थांबताना ब्रेकना चौपट ऊर्जा पचवावी लागते. चिखलदऱ्याहून भरल्या गाडीनं परतवाड्याकडे उतरताना तर पाय ब्रेकवरून निघतच नाही. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल नुसतं खाली जातं. ‘ब्रेक लागतो तर आहे नं’ म्हणणाऱ्यानं तो सीताबर्डीच्या गर्दीतल्या सिग्नलवर, कमी वेगात तपासलेला असतो.

‘वायरी कापून जोडा.’ मेसेजमधला हा सगळ्यात वाईट सल्ला. सेन्सर म्हणजे पॅडमध्ये ठरावीक जाडीवर ठेवलेलं तारेचं एक वेटोळं. पॅड तिथवर झिजला की डिस्क ते कापते आणि सर्किट तुटतं. दोन वायरी जोडल्या की गाडीला वेटोळं कायमचं शाबूत वाटतं. पुढच्या वेळी पॅड पाटीपर्यंत गेले तरी डॅशबोर्ड स्वच्छ. त्यातून आपल्याकडे मालक एक, चालवणारा दुसरा. ज्यानं वायर जोडली तो काम सोडून जातो आणि नवा ड्रायव्हर दिवा नाही म्हणून निर्धास्त. नवे पॅड टाकूनही दिवा जात नसेल तर बहुधा जुनाच कापलेला सेन्सर परत लावलेला असतो. तो नवा घ्या.

‘एकाच चाकाचे बदला.’ करू नका. एका बाजूचा नवा पॅड आणि दुसऱ्या बाजूचा घासलेला, ब्रेक लावला की गाडी एकीकडे ओढते. एका ॲक्सलचे, म्हणजे डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे, चारही एकदम बदलायचे. जाम पिन साफ करून ग्रीस न लावता बसवले तर तेही वाया.

राहिला ‘शोरूमचा धंदा’. हा अगदीच खोटा नाही. पॅडसोबत चांगल्या डिस्कही बदलायला लावणारे भेटतात. डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्याच कडेवर कोरलेली असते. मायक्रोमीटर (जाडी मोजायचं साधन) लावून तुमच्यासमोर मोजायला सांगा; आकडा त्याहून वर असेल आणि चरी किंवा तडे नसतील तर डिस्क राहू द्या. काढलेले चारही पॅड मागून घ्या, सेन्सरचं टोकही. त्याच्या घासलेल्या तोंडावर तांब्याचे दोन ठिपके चमकत असतील तर दिवा खरा होता, पैसे द्या. टोक अखंड असेल तर सेन्सर बिलात का लावला, हे तिथेच विचारा.