"झाडं लावून कोणी नागरिक होत नाही" म्हणे

जून आला की हा फॉरवर्ड फिरतोच. शाळेतले पर्यावरणाचे उपक्रम म्हणजे फोटोसेशन, अभ्यास बुडतो, नागरिकशास्त्र पुस्तकात आहेच, कचरा-पाणी सरकारचं काम, आणि शेवटी "पोरांना आंदोलक बनवू नका". खाली धडाधड अंगठे.

फोटोसेशनचं मान्य. दरवर्षी त्याच खड्ड्यात नवीन रोप लावणाऱ्या शाळा सगळ्यांनीच बघितल्यात. पण मग पोरांना त्याच खड्ड्यापाशी उभं करा ना आणि विचारू द्या की मागचं रोप का मेलं, मे महिन्यात पाणी कोण घालणार होतं, कुंपणाचे पैसे कोण देणार होतं.

अभ्यास बुडतो? अहो, पर्यावरणासाठी लढणारे वकील एम. सी. मेहता यांच्या खटल्यात 1991 सालीच सुप्रीम कोर्टाने पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलंय, म्हणजे तोच अभ्यास आहे.

"पुस्तकात आहेच" हे सगळ्यात मजेशीर. 1976 च्या 42व्या घटनादुरुस्तीने मूलभूत कर्तव्यं आली, त्यात पर्यावरण जपणं आहे, पोरं ते दोन मार्कांसाठी पाठ करतात आणि शाळेच्या गेटसमोर पाइप गळत असतो. सातवीच्या पोरांना त्या पाइपबद्दल वॉर्ड ऑफिसला अर्ज करायला लावा. अर्ज कोणाच्या नावे, विषयात काय लिहायचं, झेरॉक्सवर शिक्का आणि आवक नंबर घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, उत्तर नाही आलं तर तोच नंबर टाकून स्मरणपत्र. ग्रुपवरच्या किती मोठ्यांना हे येतं सांगा, आपण तर फोटो काढून स्टेटसला टाकतो आणि झालं.

सरकारचं काम म्हणाल तर 2016 च्या घनकचरा नियमांत ओला, सुका आणि घरातला घातक कचरा वेगळा करून द्यायची जबाबदारी कचरा करणाऱ्यावरच टाकली होती.

आता आंदोलक. तमिळनाडूत तुतिकोरिनला 2018 मध्ये एका मुलींच्या शाळेने बिस्किटांची वगैरे 20 हजारांच्या वर रिकामी पाकिटं गोळा केली आणि कंपन्यांना परत पाठवायला महापालिकेकडे दिली, मागणी एवढीच की पॅकिंग पर्यावरणाला न मारणारं करा. घोषणा नाहीत, रास्ता रोको नाही. आणि प्लॅस्टिक कचऱ्याच्या 2016 च्या नियमांप्रमाणे असला कचरा परत गोळा करणं ही उत्पादकाचीही जबाबदारी आहेच, मुलींनी फक्त ज्याचं त्याला परत दिलं.