दुःखाला जमातीचा दाखला कशाला?

आज एका ऑनलाइन चर्चासत्रात एका विद्वान वक्त्यांनी सहजपणे सांगून टाकले की, सामूहिक हिंसेनंतर न्याय करायचा असेल तर पीडित समूह कोणता आणि अपराधी समूह कोणता हे आधी नक्की करावे, म्हणजे पुढचे सोपे जाते. सोपे जाते हे खरे, पण कोणाला?

मला माझी रवांडाची वर्गमैत्रीण आठवली. आई तुत्सी, वडील हुतू. तिथे जमात बापाकडून येते, म्हणून ही हुतू. १९९४ मध्ये तिथे हुतू टोळ्यांनी तुत्सींचा वंशसंहार केला, त्यात तिच्या आईच्या वडिलांना या टोळ्यांनी मारले, तर काकांना त्या टोळ्यांना हुसकावणाऱ्या सैनिकांनी. तिच्या पाकिटाच्या एकाच कप्प्यात दोघांचे फोटो पाठीला पाठ लावून ठेवलेले असत. आजोबांसाठी स्मृतिदिन होता, न्यायालये होती. काकांसाठी? संहाराचे खटले चालवणाऱ्या गावोगावच्या ‘गाचाचा’ लोकन्यायालयांनी २०१२ पर्यंत सुमारे १९ लाख प्रकरणे निकाली काढली, पण विजयी सैन्याने केलेल्या हत्या त्यांच्या कक्षेबाहेरच राहिल्या. रवांडासाठी टांझानियातील अरुशा येथे नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणानेही त्या सैन्यातील एकावरही आरोप ठेवला नाही.

तुत्सींना तुत्सी म्हणूनच, ओळखपत्रावरची जमात पाहून मारले गेले, हे मान्य. त्या संहाराला त्याच नावाने संबोधले पाहिजे आणि दोन्ही बाजू सारख्याच असे म्हणणाऱ्यांशी मला काही बोलायचे नाही. पण शेजाऱ्यांना लपवल्यामुळे जिवाला मुकलेले हुतू तुमच्या कोणत्या रकान्यात बसतात?

पेरूने तर अशी वाटणी कायद्यातच लिहिली. बंडखोर आणि लष्कर यांच्या संघर्षातील पीडितांसाठी केलेल्या तिथल्या २००५ च्या भरपाई कायद्यानुसार बंडखोर संघटनेचा सदस्य पीडित ठरतच नाही, मग लष्कराने त्याला कोठडीत छळले असो की कायमचे गायब केले असो. त्या बंडखोरांनी गावेच्या गावे रक्ताने माखली, हे मी विसरलेले नाही. त्यांना शिक्षा द्या ना! पण ज्याची नखे उपटली गेली, त्याला पीडित म्हणायचे नाही, हा कुठला न्याय?

लिहिता लिहिता राग थोडा निवळला आहे. भरपाईचा पैसा मोजकाच असतो आणि नोंदवही ठेवणाऱ्याला रकाने आखावेच लागतात, हे मलाही कळते. पण वर्गात एकाने माझ्या मैत्रिणीला ती कोणत्या बाजूची असे विचारले, तेव्हा तिने शांतपणे उलट विचारले होते, “माझ्या घरातल्या कोणत्या मरणाबद्दल विचारतोस?” नोंद करायचीच असेल तर मेलेल्या माणसाच्या नावाने करा आणि त्याला कोणी मारले, आदेश कोणाचा होता, हे त्यापुढे लिहा. जमातीचा उल्लेखही अवश्य करा, पण तो मारणाऱ्याच्या हेतूच्या रकान्यात.